बाई, तुमचं वर्कशीट बोलतच नाही

जुलैतली गोष्ट आहे, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून आज लिहायला बसलेय. सोमवार होता, प्रार्थना झाली, हजेरी झाली, बाहेर असा पाऊस की खिडकीतून रोज दिसणारं पर्वतीचं देऊळ पार पुसून गेलेलं, वर्गात ओल्या दप्तरांचा आणि रेनकोटांचा तो कोंदट वास, आणि मी फळ्यावर तारीख लिहीत होते तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुमचं वर्कशीट बोलतच नाही." मी वळून बघितलं. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, चेंडू कंपाउंडपलीकडे गेला हे सांगावं तसं सांगत होती. "फोन म्हणतो, फोटो, नऊ बेचाळीस. परत बोट फिरवलं तरी फोटो, नऊ बेचाळीस. मग मी झोपले."

ते वर्कशीट मी रविवारी तीन तास बसून केलं होतं. सहावीचा वर्ग, भूगोल, आपल्या शहराचं पाणी कुठून येतं हा विषय. मुठा निळी, टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला अशी चार धरणं, प्रत्येकाला वेगळा रंग, कडेला पानाफुलांची चौकट, प्रश्नांना ढगाचे आकार. मोबाईलवरच ॲपमध्ये बनवलेलं, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊ बेचाळीसला टाकलं आणि पटापट अंगठे आले, दोन पालकांनी तर "खूप छान मॅडम" लिहिलं. मला खरंच आनंद झाला होता. आणि त्याच वेळी या पोरीने वडिलांचा फोन घेऊन त्या फोटोवर बोट फिरवलं असेल, एकदा, दोनदा, पाचदा.

तिला उजेड-अंधार कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं, समोर माणूस उभं राहिलं तर सावली कळते, बाकी नाही. नाव इथे घालत नाही. पाचवीत आमच्याकडे आली तेव्हापासून ती माझ्या वर्गात आहे, तिच्या घरच्या फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, चालू करून द्यायला विशेष शिक्षिका आल्या तेव्हा मी शेजारीच उभी होते, किती कौतुकाने बघत होते. पण तो फोन जे वाचणार ते कुणीतरी वाचता येईल असं करून ठेवावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, हे काही माझ्या मनात आलं नाही. वर्षभर आलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आले, कुकर लावला आणि डायनिंग टेबलाशी बसून माझ्या फोनवर टॉकबॅक चालू केलं. आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की सुरू होतं, हे मी तिच्याकडूनच शिकले. मग बोट जिथे ठेवाल तिथे काय आहे ते फोन बोलतो, उघडायचं तर दोनदा टकटक करायचं, पुढच्या गोष्टीवर जायचं तर बोट उजवीकडे सरकवायचं. मी डोळे मिटले. आपलाच फोन, रोज दिवसातून शंभर वेळा हातात असणारा, आणि मला वर्गाचा ग्रुप सापडायला पाच-सहा मिनिटं लागली, मध्येच कुणाला तरी कॉल लागला, तो घाबरून कट करता येईना. शेवटी सापडला. "फोटो, नऊ बेचाळीस." बस. एवढंच. माझी मुठा नाही, धरणं नाहीत, प्रश्न नाहीत. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी मी तशीच डोळे मिटून बसले होते.

मला वाटलं सोपंय, पीडीएफ पाठवू. गेल्या काही वर्षांचे प्रश्नसंच होते माझ्याकडे, ते पाठवले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, हे बोलतं पण मराठी नाही, इंग्रजी पण नाही, नुसतं एफ, के, ब्रॅकेट, एल." मग मला तो जुना घोळ समजला, आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी समजावून सांगितला. आपण पूर्वी ज्या फाँटमध्ये मराठी टाईप करायचो ना, त्यात मराठी नसतंच. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना फक्त वरून 'क'चं, 'म'चं रूप चढवलेलं असतं. डोळ्याला मराठी दिसतं, यंत्राला आतलंच दिसतं, आणि वाचणारं यंत्र जे आत आहे तेच बोलणार. देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे असे क्रमांक युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांसाठी एकच असलेल्या अक्षरांच्या यादीत, १९९१ सालीच मिळालेत. भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणायला ज्यांनी इतकं काम केलं ती सी-डॅक १९८८ पासून आपल्या पुण्यातच आहे, मी बी.एड. करताना विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या पाटीवरून रोज जायचे. आणि इतक्या वर्षांनी माझ्या वर्गातल्या मुलीच्या हातात मी जे ठेवत होते ते एफ, के, ब्रॅकेट, एल.

मग मी सगळं परत टाईप केलं. युनिकोडमध्ये, साधं, चौकट नाही, ढग नाहीत. प्रश्न एक, मग प्रश्न, मग खाली रिकामी ओळ.

पहिल्यांदा ते वर्गात स्पीकरला लावून ऐकवलं तेव्हा अजून एक गंमत झाली. माझ्या फोनचा आवाज हिंदीवर होता. मराठी मजकूर तो हिंदी गळ्याने वाचत होता, आणि 'चांगला' मधला च तो 'चहा'मधल्या च सारखा म्हणत होता. 'चाक' तसंच, 'चूल' तसंच. अख्खा वर्ग हसायला लागला आणि ती पण हसत म्हणाली, "बाई, याला आपला च येत नाही." मी तीसेक वर्षं मराठी शिकतेय-शिकवतेय, पण एकाच अक्षराचे दोन उच्चार आपण किती सहज करतो हे त्या दिवशी पोरांनी स्वतःच्या जिभेवर तपासून बघितलं. जीभ दाताला लागते का टाळ्याला. 'चमचा' म्हणून बघ, 'चंद्र' म्हणून बघ, 'जहाज' म्हणून बघ, मग 'जीवन'. तास संपल्याची घंटा झाली तरी चालू होतं. नंतर सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज डाउनलोड केला तर काही जण हिरमुसले.

तिचा अभ्यास कसा चालतो ते मला तिच्या आईने सांगितलं. आई पोळी-भाजी केंद्रात जाते, वडील टेम्पो चालवतात, फोन घरात एकच आणि तो वडिलांबरोबर दिवसभर हडपसर, मार्केट यार्ड, चाकण असा फिरतो. रात्री आठ-साडेआठला फोन घरी येतो. जेवणं झाली की ही पांघरुणात शिरते, स्क्रीन काळी करून ठेवते म्हणजे बॅटरी जात नाही आणि धाकट्या भावाच्या डोळ्यावर उजेड येत नाही, आणि फोन कानाला लावून ऐकत पडते. आवाजाचा वेग तिने इतका वाढवलाय की मला एक शब्द लागत नाही, नुसती सरसर पावसासारखी. ती म्हणते हळू लावलं की झोप येते. मी त्या पांघरुणाचा खूप विचार केला. आपण पाठवलेली गोष्ट नक्की कुठे जाऊन पोचते, कोणत्या अंधारात, किती वाजता, आपल्याला कुठे माहीत असतं.

माझ्या लहानपणी आमच्या शाळेत एक टीव्ही होता, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. बालचित्रवाणीचा, म्हणजे मुलांसाठीच्या शैक्षणिक कार्यक्रमांच्या संस्थेचा, कार्यक्रम असला की दोन तुकड्या एका वर्गात कोंबायच्या, साठ-सत्तर पोरं, मांडीला मांडी, आणि ती धून सुरू झाली की एकदम शांतता. १९८४ ला सुरू झालेली ती संस्था २०१७ ला बंद पडली तेव्हा मी स्टाफरूममध्ये ती बातमी वाचून बराच वेळ गप्प होते, आमच्या वयाच्या सगळ्यांनाच तसं झालं असणार. तर त्या गर्दीत आमचा एक वर्गमित्र कायम रांगेतून सरपटत पुढे जायचा, पार पडद्याला नाक लावायचा आणि मागची पोरं ओरडायची. फळ्याचंही तसंच. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर पळाले की तो फळ्यापाशी जाऊन एकेक ओळ वाचायचा, इतक्या जवळून की नाकाच्या शेंड्याला खडू लागायचा. आम्ही त्याला खडूच म्हणायचो. तासाला तो शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहायचा आणि त्याबद्दल हातावर पट्ट्या खायचा, कॉपी करतोस म्हणून. पट्टीचा तो आवाज मला अजून आठवतो, आणि त्याचं हात मागे न घेणं. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. त्याला दिसत नव्हतं हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं आणि पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी त्याच्या शेजारच्या रांगेत बसायचे. मी पण खडू म्हणायचे.

आता तो असता तर पन्नाशीकडे आलेला असता माझ्यासारखाच.

असो. वर्गाकडे येते. साधं टाईप केलेलं वर्कशीट बोलायला लागलं पण मग चित्रांचं काय, हा प्रश्न राहिलाच. नकाशाशिवाय भूगोल कसा शिकवणार? चित्राखाली दोन ओळी वर्णन लिहायचं, म्हणजे फोन ते वाचतो, हे मला कळलं होतं, पण लिहायला बसले की माझंच अडायचं. मग वाटलं वर्गालाच देऊ. मराठीच्या तासाला पर्वतीच्या पायऱ्यांचा एक फोटो दाखवला आणि सांगितलं, ज्याला हा दिसत नाही त्याच्यासाठी चार ओळी लिहा. जवळजवळ सगळ्यांनी 'सुंदर टेकडी' आणि 'निसर्गरम्य वातावरण' असंच लिहिलं, निबंधात लिहितात तेच. वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "सुंदर म्हणजे कसं?" कुणाला सांगता येईना. एक मुलगा म्हणाला हिरवं, ती म्हणाली मला हिरवं सांगून काय उपयोग. मग एकीने लिहिलं, पायऱ्या दगडी आहेत, इतक्या रुंद की हत्ती चढेल. "हां," ती म्हणाली, "रुंद आहेतच. माझी दोन पावलं पडतात एका पायरीवर, मग तिसरं वर जातं. आणि वर गेलं की वारा एकदम कानात येतो." पोरं तिच्याकडे बघतच राहिली. रोज त्या टेकडीकडे पाठ करून बसणारी ही पोरं, कितीदा तरी वर जाऊन आलेली, आणि पायरीवर किती पावलं पडतात ते तिलाच माहीत. मग पायऱ्या किती यावरून भांडण लागलं, कुणी शंभर म्हणे कुणी एकशे पाच, रविवारी मोजून यायचं ठरलं, आणि सोमवारी तीन वेगवेगळे आकडे आले. ती शांतपणे म्हणाली एकशे तीन. तिचे वडील तिला नेताना मोठ्याने मोजतात.

त्यानंतर दर शुक्रवारी आमचा एक तास वर्णनाचा असतो. एवढासा बदल, पण पोरांची भाषा बदललेली मला दिसतेय. 'खूप', 'सुंदर', 'छान' हे शब्द त्यांनी स्वतःच बाद करून टाकले. एका मुलाचं सांगते. वाचायला बसला की त्याची अक्षरं हलतात, जोडाक्षर आलं की घाम फुटतो, वही कोरी, सगळ्या तासांना मान खाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार दिलेत त्यात त्याचंही नाव आहे, अध्ययन अक्षमता, पण वर्गात त्याला सगळे आळशीच समजायचे. हे बोलणारं वर्कशीट आलं तेव्हा त्यानेही इअरफोन मागितला. ऐकतो, आणि उत्तर बोलून रेकॉर्ड करतो. मंडईत वडिलांची भाजीची गाडी आहे, त्याने तिथल्या सकाळचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून आणलं, पोत्यांचे आवाज, तराजूत वजन टाकल्याचा खणखणाट, 'घ्या ताई कोवळी भेंडी', मागे कुठेतरी घंटा, आणि मध्ये मध्ये त्याचा स्वतःचा हळू आवाज, आता कोथिंबीर उतरतेय, आता पाणी मारतायत. अख्ख्या वर्गाने डोळे मिटून ऐकलं. त्याच्या वहीत मी वर्षभर लाल पेनाने जे शोधत होते ते सगळं त्यात होतं.

नकाशा मात्र नुसत्या फोनने जमला नाही. नदी कशी वळते हे कानाने कितीसं कळणार? तिथे आमच्या कामाला आली ती सुतळी. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती उभी केली, ते बघितलेल्या माझ्यासारख्या शिक्षकांना सुतळी हे साहित्य वाटतंच. मोठ्या ब्राऊन पेपरवर जाड सुतळीची मुठा, तिला येऊन मिळणाऱ्या आंबी आणि मोसी बारीक दोऱ्याच्या, आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव, मुठेवर वर टेमघर आणि खाली खडकवासला, धरण म्हणजे आडवी चिकटवलेली आईस्क्रीमची काडी. संगमाला मुळा येऊन मिळते तिथे दोन सुतळ्यांचा पीळ. आणि प्रत्येक धरणाशेजारी मुलांच्या आवाजातल्या माहितीचा क्यूआर कोड. क्यूआर कोडचं पुस्तक म्हटलं की परितेवाडीचे डिसले गुरुजी आठवतातच, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा लॉकडाऊन असूनही आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर नुसती दिवाळी होती. पण कोड लावले आणि लक्षात आलं, तिला कोड कुठे आहे ते कळणार कसं? गुळगुळीत कागदावर गुळगुळीत चौकोन. हे तिनेच सोडवलं. म्हणाली, "बाई, शेजारी गुंडी लावा." तिच्या आईने शर्टाच्या जुन्या गुंड्या डब्यात घालून दिल्या. आता बोट सुतळीवरून येतं, काडीला अडतं, गुंडी लागते, तिथे फोन धरायचा की वर्गातलाच कुणीतरी बोलायला लागतो, "हे पानशेत. १२ जुलै १९६१ ला हे धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. माझी पणजी तेव्हा शनिवार पेठेत राहायची." इंटरनेट माझ्या फोनच्या हॉटस्पॉटचं, ते मध्येच जातं, मग सगळे थांबतात, मग परत येतं.

सगळंच छान झालंय असं मला म्हणायचं नाहीये. एक गोष्ट सारखी टोचते. परवा तिने 'पाणी'चं स्पेलिंग विचारल्यावर ऱ्हस्व णि सांगितली, 'शून्य' मध्ये ऱ्हस्व शु. तिने हे शब्द हजार वेळा ऐकलेत पण कधी बोटाखाली घेतले नाहीत. ऐकताना दीर्घ-ऱ्हस्व कुठे कळतं? विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात, त्या ब्रेल शिकवतात, सहा ठिपक्यांची, आणि ती कंटाळा करते कारण फोन पटकन बोलतो. त्या बाई माझ्यावर थोड्या रागावल्या पण. म्हणाल्या, "तुम्ही तिला ऐकणारी केलीत, वाचणारी कोण करणार?" मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. म्हणून आता वर्णनाच्या तासातला तिचा एक परिच्छेद ब्रेलमध्ये लिहून आणायचा असा नियम केलाय. ती कुरकुर करते. ठिपके टोचायची ती पाटी आणि टोच्या घेऊन बसते, टक टक टक, उजवीकडून डावीकडे, कारण कागद उलटला की तो बरोबर यायचा असतो, आणि बाकीची पोरं तिच्याभोवती गोळा होऊन स्वतःची नावं लिहून मागतात.

स्टाफरूममध्ये एकदा कुणीतरी विचारलं, एका मुलीसाठी एवढं करायला वेळ कुठून आणता? वाईट हेतूने नव्हतं विचारलं, साठ मुलांच्या वह्या समोर पडल्या होत्या त्यांच्या. वेळ मिळत नाहीच. रविवार जातो. नवऱ्याने दोनदा बोलून दाखवलंय. पण ज्या दिवशी मी फक्त फोटो पाठवून मोकळी होते त्या रात्री मला त्या पांघरुणाची आठवण येते आणि मग झोप लागत नाही.

मागच्या रविवारी नवीन वर्कशीट केलं. पाठवायच्या आधी आता मी एकदा डोळे मिटून बोट फिरवतेच. पहिला प्रश्न बोलला, दुसरा बोलला, तिसऱ्याला फोन नुसतं "चित्र" म्हणाला आणि गप्प. पर्वतीचा तोच फोटो होता, वर्णन टाकायचं राहून गेलं होतं, सहा महिन्यांनंतरही राहून गेलं होतं. परत उघडलं, लिहिलं: पर्वतीच्या पायऱ्या. दगडी, रुंद. एका पायरीवर दोन पावलं पडतात, तिसरं वर जातं. वर पोचल्यावर वारा एकदम कानात येतो. डोळे मिटून परत ऐकलं, पाठवलं, भांडी आवरायला गेले. हात ओले असतानाच फोन वाजला. तिच्या वडिलांच्या नंबरवरून व्हॉईस मेसेज, मागे टेम्पोचं इंजिन चालू, बहुतेक ते नुकतेच घरी पोचले असणार आणि हिने दारातच फोन हातातून घेतला असणार.

"बाई, एकशे तीन लिहायचं राहिलं."